लघवी करताना गिनीपिग ओरडतो तेव्हा

गिनीपिग हा बोलका प्राणी आहे. भाजीच्या पिशवीची सळसळ ऐकू आली की टिपेच्या आवाजात ‘व्हीक व्हीक’ करून घर डोक्यावर घेतो, खुशीत असला की बारीक कुरकुरत हिंडतो, राग आला की दात वाजवतो. या सगळ्या गलक्यात त्याचा एक आवाज सहज हरवून जातो. कोपऱ्यात जाऊन तो पाठीची कमान करतो, मागचा भाग किंचित उचलतो आणि लघवी होत असताना बारीक, ताणलेल्या सुरात कण्हतो. लघवी संपली की आवाजही थांबतो, आणि दोन मिनिटांत तो पुन्हा गवत चघळायला लागतो.

आमच्या भुरीने हा आवाज काढायला सुरुवात केली, तेव्हा मी तीन दिवस तो नेहमीचाच आवाज समजले. चौथ्या दिवशी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग दिसला. एक्स-रेमध्ये तिच्या मूत्राशयात वाटाण्यापेक्षा थोडा लहान, गोल, पांढरा शुभ्र खडा दिसत होता. असा खडा तीन दिवसांत तयार होत नाही. तो कित्येक आठवडे आत वाढत होता आणि ती तेवढे आठवडे जेवत, खेळत, पळत होती. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो जेव्हा ओरडतो, तेव्हा लपवणं त्याला अशक्य झालेलं असतं. हा लेख लिहिण्याचं कारण एवढंच, की तुमचे ते तीन दिवस वाचावेत.

गढूळ लघवी आणि आतला चुना

मूत्राशयाचे आजार गिनीपिगमध्ये इतके का दिसतात, हे समजायला सुरुवात आतड्यापासून करावी लागते. बहुतेक सस्तन प्राण्यांचं आतडं अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं उचलतं आणि उरलेलं विष्ठेवाटे जाऊ देतं. ड जीवनसत्त्व या कामावर देखरेख ठेवतं. गिनीपिगचं आतडं असा हिशेब ठेवत नाही. खाण्यातून जेवढं कॅल्शियम येईल त्यातला मोठा वाटा ते रक्तात घेतं, आणि नको असलेलं बाहेर काढण्याचं काम मूत्रपिंडांवर पडतं. सशाचंही असंच असतं. त्यामुळे निरोगी गिनीपिगच्या लघवीतूनही रोज बरंच कॅल्शियम बाहेर पडत असतं.

त्यात भर म्हणजे त्याची लघवी आम्लधर्मी नसून अल्कधर्मी असते. तिचा सामू साधारण ८ ते ९ असतो. अशा द्रवात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र आले की त्यांचे बारीक स्फटिक होतात. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरट थर बसतो, तोही मुख्यतः हाच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून गिनीपिगची लघवी थोडी गढूळ, दुधाळ दिसणं स्वाभाविक आहे. ती वाळल्यावर मागे पिठासारखा पांढरा डाग राहतो, त्यानेही घाबरायचं कारण नाही. बोट फिरवून पाहा. टाल्कम पावडरसारखं मऊ लागलं तर ठीक. वाळूसारखं खरखरीत लागलं, किंवा लघवी ओली असतानाच पेस्टसारखी घट्ट दिसली, तर आत काहीतरी साचत आहे.

ते साचतं का, याचं एकच कारण नसतं. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते. संसर्ग किंवा सूज असेल तर सुटलेल्या पेशींभोवती स्फटिक जमतात. वय वाढलं, वजन वाढलं की हालचाल कमी होते, आणि याचा परिणाम आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. चार पायांच्या प्राण्याचं मूत्राशय पोटाच्या बाजूला पिशवीसारखं लोंबतं आणि त्याचं तोंड मागच्या बाजूला असतं. म्हणजे गाळ ज्या तळाशी बसतो, तिथे बाहेर पडायची वाट नसते. प्राणी पळत, वळत, चढत-उतरत राहिला तर हा गाळ ढवळला जातो आणि लघवीबरोबर निघून जातो. दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहणाऱ्या गिनीपिगच्या मूत्राशयात तो खालीच राहतो. तळपायांना जखमा असलेले किंवा सांधे दुखणारे गिनीपिग या कारणानेही गाळाच्या त्रासात सापडतात. त्यांचं मूळ दुखणं पायात असतं आणि दिसतं मूत्राशयात.

लक्षण एक, आजार अनेक

कण्हणं, वारंवार थेंब थेंब लघवी, रक्त, मागचा भाग सतत ओला आणि वास मारणारा, अंग चोरून बसणं, खाणं मंदावणं. ही सगळी लक्षणं कमीअधिक प्रमाणात मूत्राशयाच्या प्रत्येक आजारात दिसतात. बाहेरून पाहून फरक करता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. म्हणूनच अंदाजाने औषध देण्याची सवय इथे फार महागात पडते.

पहिला आजार जंतुसंसर्गाचा. माद्यांमध्ये तो जास्त, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ असतं. आतड्यातले जंतू, विशेषतः ई. कोलाय, ओल्या आणि मळक्या बिछान्यावरून तिथे सहज पोचतात. प्रतिजैविकं दिली की हा आजार आटोक्यात येतो. पण एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा. औषध सुरू असताना गिनीपिग बरा दिसतो, औषध थांबलं की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच, असं झालं तर तेच औषध दुसऱ्यांदा घेऊन येऊ नका. अशा वेळी आत बहुधा खडा असतो. जंतू त्याच्या आश्रयाने राहतात आणि औषध थांबायची वाट पाहतात. आधी एक्स-रे काढायला सांगा.

दुसरा आजार गाळाचा. मूत्राशयात दाट, चिखलासारखा थर बसतो. लघवी जाड आणि पांढरट येते, मागच्या केसांवर वाळून त्याचे टणक गोळे होतात आणि खालची कातडी भाजल्यासारखी लाल होते. जास्तीचे द्रव, वेदनाशामक आणि गरज पडली तर भूल देऊन मूत्राशय धुऊन काढणं, असे त्याचे उपचार आहेत.

तिसरा खड्याचा, आणि तो सर्वांत जास्त विचार करायला लावणारा. खडा मूत्रपिंडात, मूत्रनलिकेत, मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात कुठेही असू शकतो. गिनीपिगमधले बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. कुत्र्या-मांजरांमध्ये एका वेगळ्या प्रकारचे, स्ट्रुव्हाइटचे खडे होतात. विशेष आहार देऊन लघवी आम्लधर्मी केली की ते विरघळतात. तो अनुभव असलेले लोक गिनीपिगलाही तसंच काहीतरी द्यायला सांगतात. पण कॅल्शियम कार्बोनेटचा तयार खडा पोटात विरघळवणारं औषध, रस, काढा किंवा खाद्य नाही. व्हिनेगर, लिंबू, क्रॅनबेरीचा रस यांनी खडा जात नाही, उलट गोड रसाने आतड्यातले उपयोगी जंतू बिघडतात. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण विरघळेल या आशेवर घालवलेल्या दिवसांत खडा मोठा होतो आणि प्राणी अशक्त होतो. मग शस्त्रक्रिया करायची वेळ येते तेव्हा त्याच्यात ती सोसायची ताकद उरलेली नसते.

चौथा आजार सगळ्यांत कमी ओळखला जातो. एक्स-रे स्वच्छ, सोनोग्राफीत खडा नाही, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, आणि तरीही गिनीपिग कण्हतो, कधी रक्तही जातं. ही मूत्राशयाच्या अस्तराची जंतूविना येणारी सूज असते. ती महिनोन्‌महिने येत-जात राहते. इथे प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. वेदनाशामक, भरपूर पाणी, शांत जागा आणि सोबतीचा गिनीपिग जवळ असणं, यांवर तो आजार सुसह्य करता येतो. काही डॉक्टर अस्तराला आधार म्हणून ग्लुकोसामाइन देतात. गिनीपिगमध्ये त्याचा पुरावा तोकडा आहे, पण काही पालकांना फरक जाणवतो. डॉक्टरांशी बोलून करून पाहायला हरकत नाही.

लाल डाग म्हणजे दर वेळी लघवीतलं रक्त नव्हे

बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते. काही वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे ताजी लघवी पिवळसर असते आणि हवेत थोडा वेळ राहिली की तांबूस-तपकिरी होते. त्यामुळे सकाळी दिसलेला जुना डाग पाहून निष्कर्ष काढू नका, ताजी लघवी पाहा. शंका राहिली तर डॉक्टर चाचणीची पट्टी बुडवून एका मिनिटात सांगू शकतात की हे रक्त आहे की रंग.

आणि रक्त असलं तरी मादीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो: ते मूत्राशयातून आलं की गर्भाशयातून? गिनीपिग मादीमध्ये मूत्रमार्ग आणि योनी यांची तोंडं वेगळी असली तरी इतकी जवळ असतात की कापडावरचा डाग पाहून सांगता येत नाही. वय वाढलेल्या माद्यांमध्ये बीजकोशावर पाण्याच्या गाठी होणं फार नेहमीचं आहे, आणि गर्भाशयाच्या गाठींतूनही रक्त जातं. दोन-तीन वर्षांपुढच्या मादीला रक्त गेलं आणि एक्स-रेमध्ये खडा नसला, तर सोनोग्राफी करून गर्भाशय बघितलंच पाहिजे. मूत्राशयावर महिनाभर उपचार झाले आणि आजार गर्भाशयात निघाला, असं घडतं.

किती घाई करायची

कण्हणं किंवा रक्त दिसलं तर त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. आठवडा संपायची वाट पाहू नका.

मात्र गिनीपिग, विशेषतः नर, पुन्हा पुन्हा जोर करतो आहे आणि एक थेंबही येत नाही, असं दिसलं तर ती वेळ तासांची आहे. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो, त्यात खडा अडकला की वाट पूर्ण बंद होते. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा झटका थेट हृदयाला बसतो. पोट ताठ लागेल, प्राणी गप्प बसेल, अंग गार पडायला लागेल. मध्यरात्र असली तरी निघा. वाटेत पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न कुणीही करू नये, फुगलेलं मूत्राशय फाटू शकतं.

दुसरी घाई खाण्याची. गिनीपिगचं आतडं सतत काहीतरी आत येत राहिलं तरच चालतं. दुखण्यामुळे त्याने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर आतडं मंदावतं, वायू धरतो, आणखी दुखतं, मग तो आणखी खात नाही. मूत्राशयाच्या आजारात जीव जातो तो कित्येकदा या आतड्याच्या थांबण्याने. म्हणून गवताच्या भुकटीचं आजारपणातलं खाद्य आणि सुई नसलेली सिरिंज घरात आधीच आणून ठेवा. सुईविना सिरिंजने गालाच्या बाजूने, थोडं थोडं, त्याला गिळायला वेळ देत भरवायचं.

डॉक्टरांकडे

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर गिनीपिगचे उत्तम डॉक्टर असतीलच असं नाही. लहान शाकाहारी प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर कोण आहेत, हे प्राणी ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. जाताना सोबतीचा गिनीपिगही बरोबर न्या. तो शेजारी असला की आजारी प्राणी कमी घाबरतो आणि परत आल्यावर दोघांना एकमेकांची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही. डागांचे फोटो आणि कण्हण्याचा एक छोटा व्हिडिओ फोनवर असू द्या. दवाखान्यात पोचल्यावर प्राणी हमखास गप्प होतो, आणि मग तुम्ही तोंडाने सांगितलेलं वर्णन अपुरं पडतं.

एक्स-रे ही पहिली तपासणी. कॅल्शियमचे खडे त्यात हाडांसारखे पांढरे उठून दिसतात. एक फोटो आडव्या बाजूने, एक पाठीवर निजवून, असे दोन काढावेत. आडव्या फोटोत मागचे पाय मागे ओढलेले असावेत, नाहीतर मूत्रमार्गातला खडा मांडीच्या हाडांमागे लपतो. फोटोत शरीराचा अगदी मागचा टोकाचा भागही यायला हवा. माद्यांमध्ये खडा कित्येकदा तिथेच, बाहेरच्या तोंडापासून काही मिलिमीटरवर अडकलेला असतो. सोनोग्राफीने गाळ, मूत्राशयाच्या भिंतीची जाडी, मूत्रपिंडं आणि गर्भाशय कळतं. खडा जुना असेल तर मूत्रपिंडं नीट काम करताहेत का हे पाहायला रक्ताची तपासणी लागते.

लघवीचा नमुना घरून न्यायचा असेल तर स्वच्छ धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, खाली काही न अंथरता, गिनीपिगला थोडा वेळ ठेवा आणि लघवी झाली की लगेच सिरिंजने ओढून घ्या. पट्टीच्या चाचणीला हा चालतो. कल्चरसाठी मात्र डॉक्टर पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातला नमुना घेतात, कारण जमिनीवरच्या लघवीत लेंड्यांमधले जंतू मिसळतात आणि नसलेला संसर्ग दिसतो.

आता औषधांबद्दल, आणि हा भाग जिवावरचा आहे. तोंडाने दिलेली पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं गिनीपिगला मारू शकतात. ती त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू नष्ट करतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जंतू माजतात, आणि काही दिवसांत जुलाब लागून प्राणी जातो. घरातल्या माणसांच्या किंवा दुसऱ्या प्राण्याच्या औषधातला उरलेला डोस कधीही देऊ नका, आणि लिहून दिलेल्या औषधाचं नाव डॉक्टरांना विचारून घ्या. गिनीपिगसाठी सहसा ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा एन्रोफ्लॉक्सासिन वापरतात. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम देतात. वेदनाशामक लिहून दिलं नसेल तर ते आपणहून मागा. दुखणं थांबलं की प्राणी खातो, आणि तो खायला लागला की बाकीचे उपचार लागू पडायला सुरुवात होते.

खडा काढायचा म्हणजे बहुधा शस्त्रक्रिया. मादीमधला लहान खडा कधी भरपूर द्रव आणि वेदनाशामकांवर आपोआप पडतो, आणि बाहेरच्या तोंडाजवळ आलेला खडा भूल देऊन टाके न घालताही काढता येतो. मूत्राशयातला मोठा खडा मात्र पोट उघडूनच काढावा लागतो. त्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: गिनीपिगवर ही शस्त्रक्रिया त्यांनी केली आहे का, भुलीत त्याचं अंग गरम कसं ठेवणार, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला कोण भरवणार. शस्त्रक्रियेआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवा असं सांगितलं गेलं तर नम्रपणे पण नक्की विचारा, का? गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे माणसासारखं लांब उपाशी ठेवण्याची त्याला गरज नसते आणि उपाशी राहणं त्याला झेपत नाही. काढलेला खडा तपासणीला पाठवा. तो कशाचा आहे हे कळल्यावरच पुढचं पथ्य नेमकं ठरवता येतं.

खडे पुन्हा होतात, हे आधीच मनाशी धरून चाला. काहींना वर्षानुवर्षं होत नाहीत, काहींना काही महिन्यांत परत होतात. ज्या गिनीपिगची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, किंवा जो फार म्हातारा आहे, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया न करता फक्त दुखणं कमी ठेवणं, आणि तेही जमेनासं झालं की त्याला शांतपणे जाऊ देणं, हाही प्रेमाने घेतलेलाच निर्णय असतो. त्याबद्दल कुणी तुम्हाला अपराधी वाटायला लावू नये.

खाणं आणि पाणी

खड्याचं निदान झालं की घरोघरी पहिली गोष्ट होते ती म्हणजे सगळ्या हिरव्या भाज्या बंद. हे चुकीचं आहे. भाजी बंद केली की त्यातलं पाणीही बंद होतं, लघवी दाट होते आणि गाळ वाढतो.

थोडा हिशेब करू. टिमोथीसारख्या सुक्या गवतात साधारण ०.४ टक्के कॅल्शियम धरलं तर ५० ग्रॅम गवतातून २०० मिलिग्रॅम जातं. लसूणघासात, म्हणजे अल्फाल्फात, ते १.२ टक्क्यांच्या पुढे असतं. तेवढ्याच वजनातून ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त. मोठ्या गिनीपिगसाठी लसूणघास बंद करणं हा म्हणूनच सगळ्यांत मोठा बदल आहे. तो ६ महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या माद्यांनाच द्यावा. गोळीखाद्याच्या पाकिटावर मागे पाहा. पहिला घटक अल्फाल्फा असेल तर टिमोथीचं खाद्य आणा, आणि तेही दिवसाला दोन मोठे चमचे पुरे. पिंजऱ्यात टांगलेला क्षाराचा खडा काढून टाका, त्याची गरज नाही.

कठीण पाण्याची भीतीही याच हिशेबात बसवून पाहा. लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी बरंच कठीण समजलं जातं. गिनीपिग किलोमागे दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे पाण्यातून त्याला १० मिलिग्रॅम मिळतं. गाळलेलं पाणी द्यायला हरकत नाही, पण गाळलेल्या पाण्याने थोडं पाणी जास्त प्यायल्याइतका फायदा होणार नाही.

भाज्यांमध्ये लेट्यूसची हिरवी पानं, काकडी, ढोबळी मिरची ही रोजची. पार्सली, केल, पालक यांची पानं अधूनमधून, मूठभर नव्हे. भाजी धुऊन पाणी निथळू न देता तशीच ओली द्या. कॅल्शियम शून्यावर आणायच्या मागे मात्र लागू नका. ते फार कमी झालं तर हाडं आणि दात बिघडतात, आणि गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत असतात.

त्याला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, म्हणून ते रोज बाहेरून मिळावं लागतं: किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम. ढोबळी मिरचीतून ते चांगलं मिळतं. पण पाण्याच्या बाटलीत जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका. उजेडात आणि हवेत ते लवकर निकामी होतं, पाण्याची चव बदलते आणि प्राणी पाणी कमी पितो. मूत्राशयाच्या रोग्याला यापेक्षा वाईट काही नाही.

पाणी बाटलीत आणि जड मातीच्या वाडग्यात, दोन्हीकडे ठेवा. काही गिनीपिग वाडग्यातून जास्त पितात. बाटलीच्या नळीतली गोळी अडकते आणि भरलेल्या बाटलीसमोर प्राणी तहानलेला बसतो, म्हणून रोज बोटाने दाबून थेंब येतो का पाहा. आणि त्याला पिंजऱ्याबाहेर पळू द्या. बोगदे, पुठ्ठ्याची खोकी, गवताचे ढीग वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मघाशी सांगितलेला तो तळाशी बसलेला गाळ यानेच ढवळला जातो.

वजन ही शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते घरात करता येण्यासारखी सगळ्यांत उपयोगी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून आठवड्यातून एकदा, आजारपणात रोज. मोठ्या गिनीपिगचं वजन बहुधा ७०० ते १२०० ग्रॅमच्या आसपास असतं, पण आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. एका आठवड्यात ५० ग्रॅम कमी झाले तर बाकी काहीही दिसत नसलं तरी त्याला तपासून घ्या.

भुरीचा खडा काढला त्याला आता सव्वा वर्ष झालं. दर चार महिन्यांनी तिचा एक्स-रे होतो. दुसऱ्या वेळी मूत्राशयाच्या तळाशी पुसटसा पांढरा पट्टा दिसला होता. तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर रोज थोडं पाणी सिरिंजने पाजायला सांगितलं, आणि मी तिचं अंगण दुप्पट केलं. तिसऱ्या एक्स-रेत पट्टा नव्हता. पुढचा येत्या महिन्यात आहे. पिंजऱ्यातलं कापड मी अजूनही पांढरंच घालते, आणि ती कोपऱ्यात जाऊन पाठीची कमान करते तेव्हा हातातलं काम थांबवून ऐकते.